लगाम धरणारा हात

रविवारी दुकाने बंद असली की हैदराबादच्या आबिड्समध्ये पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. सीमाभागातील माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला तेथे गेल्यावाचून राहवत नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद यांचे दुकान येथे होते. त्यांच्या नावावरून या भागाला आबिड्स म्हणू लागले. सेवकाचे नाव साऱ्या पेठेला मिळाले! हे भाग्य किती जणांना लाभते? आमच्या घरातील एक फोटो पाहिला की हा प्रश्न मनात येतो.

फोटो १९४३ सालचा, आबिड्समधल्याच एका स्टुडिओच्या मागील अंगणात काढलेला. आमच्या गावचे जहागीरदार घोड्यावर बसले आहेत. शेजारी खुर्च्यांवर त्यांची मुले. आणि लगाम धरून अनवाणी उभा असलेला मोतद्दार. ते माझे आजोबा.

हैदराबादेत ही हौस जुनी. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ रुरकीला शिकून इंदूरच्या नोकरीत आले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि त्यांनी शिकारी, लष्करी कवायती, अमीर-उमराव सारे काचेवर उतरवले. १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. ज्याची ऐपत, त्याचा फोटो; आणि ऐपतीची खूण म्हणजे घोडा.

पण घोड्याला ऐपत कळत नाही. माणसाला 'हलू नका' म्हणता येते. घोडा माशी बसली की शेपूट उडवतो, मान झटकतो आणि काचेवर डोक्याच्या जागी धुरकट डाग उमटतो. अमेरिकेत मायब्रिजने १८७८ साली ओळीने बारा कॅमेरे लावून धावता घोडा टिपला खरा. पण घरच्या फोटोला घोडा उभाच लागतो. चारही पाय दिसावेत म्हणून ते थोडे पुढेमागे ठेवायचे, कॅमेरा तोंडाशी फार जवळ आणायचा नाही, नाहीतर डोके धडापेक्षा मोठे दिसते. कान टवकारावेत म्हणून कॅमेऱ्यामागे कोणी मूठभर हरभरे खुळखुळवायचे. हे सारे जमते ते ओळखीच्या हातात लगाम असेल तरच. आमच्या फोटोत घोड्याचा कानही हललेला नाही. थोरला मुलगा मात्र हलला आहे.

१९४९ साली जहागिरी गेल्या. वाड्यावरचे घोडे विकले गेले आणि आजोबा गावी येऊन बटाईची शेती करू लागले. तरी मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला ते चुकत नसत. तेथे घोड्यांचा मोठा बाजार. घेणे काहीच नसे. दात पाहत, खूर पाहत, मानेवरून हात फिरवीत आणि परत येत.

जहागीरदारांनी दिलेला तो फोटो आमच्या माजघरात होता. मी शाळेत मित्रांना सांगत असे, 'घोड्यावर बसलेत ना, ते आमचे आजोबा.' एकदा ते दाराशी उभे असताना मी हे बोललो. त्यांनी ऐकले. काही बोलले नाहीत, गोठ्याकडे निघून गेले. पुढे मी एम.ए. झालो, मुख्याध्यापक झालो, मुलांना साधनांची चिकित्सा शिकवली. पण त्या खोट्याची दुरुस्ती त्यांच्या हयातीत करायची राहून गेली.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना चौकट उघडली. फोटोच्या पाठीवर उर्दूत जहागीरदारांचे नाव होते, मुलांची नावे होती, घोड्याचेही होते : मोती. लगाम धरणाऱ्याचे नव्हते. मी पेन्सिल घेतली आणि आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा लिहिला : मोतद्दार.

आता दरवर्षी नववीच्या मुलांना घरचे जुने फोटो आणायला सांगतो. पहिला प्रश्न एकच असतो : यात कडेला उभे आहेत ते कोण? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. ते सांगू शकतात तोवरच.