शेरीचे पिंप आणि कुंकळ्ळी : एका पेल्यातील सोळावे शतक

१/ दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट व्हिस्की तयार होते. तिचा एक प्रकार अखेरच्या टप्प्यात ओलोरोसो शेरीच्या पिंपांत मुरवला जातो. अशा व्हिस्कीचा पेला नाकाशी नेला की मनुका, खजूर, अक्रोड, दालचिनी यांचे गंध जाणवतात. जवाच्या दाण्यात हे गंध नसतात. मग ते आले कुठून? #थ्रेड

२/ आधी संज्ञा. केवळ मोड आणलेल्या जवापासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भट्टीत गाळलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. भट्टीतून ती पाण्यासारखी रंगहीन बाहेर पडते. रंग आणि बराचसा स्वाद तिला पिंपाचे लाकूड देते. त्या लाकडात पूर्वी काय भरले होते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

३/ शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधील हेरेझ परिसराची, मद्यार्क मिसळून तीव्र केलेली द्राक्षमदिरा. अरबांच्या राजवटीत या शहराचे नाव ‘शेरीश’ होते. इंग्रजी ‘शेरी’ त्यातूनच आला. ओलोरोसो प्रकारात मदिरेला हवा लागू दिली जाते. त्यामुळे ती गडद होते आणि तिला सुक्या मेव्याचा वास येतो. तोच वास लाकूड शोषून घेते.

४/ इंग्रजांना शेरीची चटक कशी लागली? एप्रिल १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिझ बंदरावर हल्ला करून स्पेनची जहाजे जाळली. या मोहिमेत शेरीची सुमारे २,९०० पिंपे त्याच्या हाती लागली, असे सांगतात. पुढे शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफने या मदिरेची मनसोक्त स्तुती केली, तेव्हा लंडनचा प्रेक्षक तिला चांगला ओळखत होता.

५/ इथे भारत या कथेत येतो. त्याच मोहिमेत, जून १५८७ मध्ये, अझोर्स बेटांजवळ ड्रेकने ‘साओ फिलिपे’ हे भारतातून परतणारे पोर्तुगीज जहाज पकडले. मसाले, रेशीम, कापड, जवाहीर यांनी ते भरलेले होते. पोर्तुगीज जहाजावर स्पेनच्या शत्रूने हात का टाकावा?

६/ कारण १५८० पासून १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता. दुसरा फिलिप हेरेझचाही राजा होता आणि गोव्याचाही. अर्थात कुंकळ्ळीचाही. आणि ड्रेकच्या हल्ल्याच्या चारच वर्षे आधी कुंकळ्ळीने या सत्तेविरुद्ध हत्यार उचलले होते.

७/ साष्टीतील देवळे पाडली जात होती, धर्मांतराचा रेटा होता, कराचा बोजा वाढत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी गावात आलेल्या पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत रुदोल्फो अक्वाव्हिवा होता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हाच पाद्री फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या दरबारी धर्मचर्चा करत होता.

८/ सूड कठोर होता. वाटाघाटींच्या निमित्ताने गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून चौकशीविना मारण्यात आले. सोळांपैकी एकटा नदीत उडी घेऊन निसटला, अशी परंपरा आहे. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये चर्चने ‘धन्य’ घोषित केले. गावच्या प्रमुखांच्या आठवणीला असा दरबारी आधार दीर्घकाळ लाभला नाही.

९/ पुन्हा पिंपाकडे. पुढची काही शतके शेरी पिंपांतून ब्रिटनला जात राहिली. रिकामी पिंपे परत पाठवणे महाग पडे, म्हणून स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले ती स्वस्तात घेत. १९८० च्या दशकात शेरी हेरेझ परिसरातच बाटलीबंद करण्याचा नियम झाला आणि हा ओघ आटला. आता व्हिस्कीसाठीच नवी पिंपे बनवून त्यांत काही काळ शेरी मुरवतात. टाकाऊ डबा महागडी वस्तू झाला.

१०/ गोव्याच्या हवेत हे पिंप वेगळे वागते. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गोव्यात हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. १०० लिटरमधून पाच वर्षांनी तिथे ९० लिटर उरतात, इथे जेमतेम ६६. मात्र उष्णतेने लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. म्हणून गोव्याची कोवळी व्हिस्कीही प्रौढ लागते.

११/ २०१२ मध्ये पॉल जॉनची पहिली सिंगल माल्ट लंडनमध्ये बाजारात आली. गोव्याच्या स्वतःच्या मद्याची वाट मात्र खडतर होती. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूपासून गावोगावच्या भाटीत फेणी गाळली जाते. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी कायद्याच्या लेखी ती २०१६ पर्यंत ‘देशी दारू’च होती, त्या वर्षी तिला वारसा पेयाचा दर्जा मिळाला. विदर्भातील मोहाच्या दारूची अवहेलना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा दुजाभाव नवा वाटणार नाही.

१२/ चवीचा माग काढताना आपण हेरेझपर्यंत सहज पोचतो, कारण तिथल्या मद्याची नोंद साम्राज्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ठेवली. कुंकळ्ळीची नोंद गावाने ठेवली. श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवी फातर्प्याला हलवली गेली; आजही सत्रीच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह ती मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. त्या मिरवणुकीत हिंदूंसोबत ख्रिस्ती गावकरीही असतात. शेरीच्या पिंपात मुरलेली व्हिस्की ज्या गावात पक्व होते, त्या गावात चारशे चाळीस वर्षांची ही आठवणही तशीच मुरत आली आहे.