पडद्यावरचं अरण्य
२९ डिसेंबर १९१३ला अमेरिकेत ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ या मूकपटाचा पहिला भाग लागला. मुंबईच्या कोरोनेशन थेटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकून तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. विल्यम सेलिगच्या कंपनीने काढलेल्या या चित्रपटाचे भाग होते १३, पंधरवड्याला एक. तीच गोष्ट ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये छापून यायची. वाचणारा थेटरात जायचा आणि पाहणारा वर्तमानपत्र घ्यायचा.

गोष्ट आपल्या मुलखातली. वडिलांना शोधत कॅथलिन हिंदुस्थानातल्या ‘अल्लाहा’ संस्थानात येते. तिथला कपटी उंबल्ला तिच्यावर लग्नाची सक्ती करतो आणि ती नकार देते, तेव्हा तिच्यावर हिंस्र श्वापदं सोडली जातात. संस्थान कल्पित होतं, वाघ-सिंह मात्र खरे, सेलिगने स्वतः पाळलेले. जंगल म्हणजे नुसतं भय आणि इथला माणूस म्हणजे दगाबाज, हे चित्र जगभर फिरलं. ते मला आजही खुपतं.

कारण आमचं अरण्य वेगळं आहे. कोकणात आमच्या आचऱ्यात रामेश्वराच्या देवळात रामनवमीचा उत्सव थाटात होतो. तिथे कीर्तन ऐकत वाढलेल्या पोराला वनवास म्हणजे शबरी, जटायू, वानरसेना हे आधी आठवतं. श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ साली हाच वनवास पडद्यावर आणला. ‘राम वनवास’ भागाभागांनी दाखवला गेला. आपल्याकडचा पहिला मालिका-चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. प्रेक्षकाला ही रीत नवी नव्हती. चातुर्मासात पोथीचा एक अध्याय ऐकून उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशी यायची त्याला सवयच होती.

माझा आजो परळच्या गिरणीत साच्यावर होता. होमी वाडियांचा ‘तुफानी टारझन’ १९३७ साली आला, तो त्याने गिरणगावातल्या दोस्तांबरोबर पाहिला. जॉन कावस त्यात टारझन झाला होता. चित्रपट काढणारी वाडिया मूव्हिटोन परळलाच होती. १९४२ साली त्याच जागेत व्ही. शांतारामांनी राजकमल कलामंदिर उभारलं. म्हणजे ते जंगल आजोच्या गिरणीच्या शेजारीच तयार झालं होतं! गावी आला की रात्री खळ्यात आम्हा पोरांना तो ही कथा सांगायचा आणि वाघाने झेप घेतली की उठायचा. ‘‘बाकीचा उद्या. आता निजा.’’ दिवसभर साच्यासमोर उभा राहणारा माणूस या साहसात जीव रमवायचा. अशा चित्रपटांना हलकं म्हणणाऱ्यांनी ते पाहणाऱ्याचा दिवस कसा जायचा, हेही पाहायला हवं होतं.

यातलं आज फार थोडं उरलंय. त्या काळची नायट्रेटची फीत पेट घ्यायची, कुजायची. चांदी काढण्यासाठी ती वितळवलीही जायची. ‘कॅथलिन’चे बहुतेक भाग गेले. पाटणकरांचा वनवासही पाहायला मिळत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभं राहिलं ते १९६४ साली. तोवर मूकपटांचा मोठा ठेवा नाहीसा झाला होता.

चित्रपट गेले, तरी त्यांच्या खुणा कुठे ना कुठे असतील. आचरा, मालवण, देवगडच्या घरांत चाकरमान्यांच्या जुन्या ट्रंका अजून आहेत. त्यांत चित्रपटाची जाहिरात, तिकिटाचा तुकडा, गाण्यांची चोपडी सापडली तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. गिरणगावाने काय पाहिलं, याचा तोच पुरावा आहे.