नजर कुठे अडखळते?

औंढा नागनाथला आमच्या घरी आई रोज पोथी वाचायची, अगदी सरळ. मधुमेह झाल्यावर गोळ्यांबरोबर एक छापील मराठी कागद मिळाला. त्यावर मात्र ती अडखळायची, ओळ संपण्याआधीच मागे फिरायची. ‘अल्पशर्करेची लक्षणे आढळल्यास शर्करायुक्त पदार्थ सेवन करावा.’ एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. डबाभर साखर घरात होती. पण कागदात लिहिलेलं ते हेच, हे तिला उमगलं नव्हतं. ‘मी कमी शिकलेली, मला काय कळणार?’ असं ती म्हणाली. तेव्हा मलाही तसंच वाटलं.

माझा समज बदलला तो वाचनाचा इतिहास चाळताना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी वाचणाऱ्या डोळ्याचा अभ्यास केला. डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही. तो उड्या मारतो, साधारण पाव सेकंद थांबतो आणि पुन्हा उडी घेतो, हे पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत स्पष्ट झालं. दैव असं, की काचबिंदूने जावाल स्वतःच आंधळे झाले. अमेरिकेत एडमंड ह्यूईंनी तर वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लास्टरची वाटी बसवून, तिला जोडलेल्या काडीने या उड्यांची रेघ उमटवली. 1908 मध्ये त्यांचा वाचनावरचा ग्रंथ आला. आज डोळ्याला हातही लावावा लागत नाही. अदृश्य अवरक्त प्रकाश आणि कॅमेरा नजरेचा माग काढतात.

या नोंदींतून दिसतं, की अनोळखी आणि लांब शब्दापाशी नजर जास्त रेंगाळते. अर्थ लागला नाही की मागे फिरते. शिकलेल्यांचीसुद्धा! औषधाचा कागद तपासायला हे फार उपयोगी आहे. अर्थात, नजर रेंगाळली ती उत्सुकतेने की गोंधळून, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी वाचणाऱ्याला विचारावंच लागतं, ‘काय समजलं?’

डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला. अक्षराची सोय झाली; अर्थाची राहिली.

मी आईला ठळक अक्षरांत लिहून दिलं, ‘घाम आला, हात थरथरले, तर लगेच साखर खा.’ तिने एका दमात वाचलं. म्हणाली, ‘असं लिहायला काय झालं होतं त्यांना?’