निर्बंध कालचे नव्हेत

निर्बंध, नाकेबंदी, चोकपॉइंट, प्रॉक्सी वॉर हे शब्द स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत घोकून घेतले जातात. सोबत एक समजही रुजतो: पूर्वीची युद्धे तलवारीची, पैशाने आणि मालाने लढणे ही विसाव्या शतकाची देणगी. या समजाला विद्वानांचाही टेकू मिळतो. निकोलस मल्डर यांचा ‘द इकॉनॉमिक वेपन’ (2022) हा ग्रंथ आधुनिक निर्बंधांचे मूळ पहिल्या महायुद्धातील नाकेबंदीत आणि राष्ट्रसंघाच्या 16व्या कलमात शोधतो. हा पूर्वपक्ष हलका नाही. युद्धातली कोंडी जुनीच, पण शांततेच्या काळात ती कागदावर कायदा म्हणून लादणे नवे, असे त्याचे सार.

घोडबंदर रोडवर, गायमुखापुढे खाडीकाठच्या टेकडीवर पोर्तुगिजांचा घोडबंदर किल्ला आहे, तिथे हे सार टिकत नाही, कारण हा मुलूख पोर्तुगिजांना मिळाला तोच तहाने. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहात वसई आणि तिच्याकडची बेटे पोर्तुगिजांना दिली. तहाच्या अटी पाहा. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजाने वसईहूनच निघायचे आणि परतताना तिथेच जकात भरायची. पोर्तुगीज परवान्याशिवाय, म्हणजे कार्ताझशिवाय, समुद्रात उतरायचे नाही. गुजरातच्या बंदरांत युद्धनौका बांधायच्या नाहीत, तुर्कांना आसरा द्यायचा नाही. व्यापार-निर्बंध, शस्त्रबंदी, तळबंदी, सगळे आले. आणि तेही लढाईत नव्हे, तहात!

घोड्यांचेही तेच. चांगला घोडा हे त्या काळचे लष्करी तंत्रज्ञान. दख्खनमध्ये तो अरबस्तान-इराणहून यायचा. 1510 मध्ये गोवा आणि 1515 मध्ये होर्मुझ घेऊन पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने या व्यापाराचा गळाच धरला. विजयनगर आणि विजापूर दोघेही त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले.

मराठ्यांनीही हीच भाषा जाणली होती. 1737 मध्ये ठाणे आणि घोडबंदर पडले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, वेसावे आणि धारावी घेऊन खाडीची वाट आवळली. त्याच वेळी दुसरी फौज गोव्यावर गेली, म्हणजे तिकडून कुमक निघू नये. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना पंधरा हजार रुपये दिले, पण चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. मे महिन्यात वसई पडली आणि जुलैत याच इंग्रजांच्या वतीने इंचबर्डने विजेत्यांशी तह केला. दुसऱ्याच्या लढाईत सावकारी करून आपले हात कोरडे ठेवायची ही रीत आजच्या महासत्तांनी शोधलेली नाही.

मग नवे काहीच नाही? आहे. 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने नाकेबंदी परिणामकारक असण्याची अट घातली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील 41व्या कलमाने निर्बंधांना सामुदायिक अधिष्ठान दिले. आणि बँकांच्या जाळ्यामुळे समुद्र नसलेला देशही कोंडता येतो. पण हा फरक साधनांचा आणि आवाक्याचा आहे, कल्पनेचा नाही.

कार्ताझही आरमाराच्या जोरावरच चालला आणि तरीही गळत राहिला: सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी अडवू पाहिलेली मिरी पुन्हा तांबड्या समुद्रात पोहोचू लागली होती. म्हणून निर्बंधांची बातमी वाचताना व्याख्या पाठ करण्यापेक्षा परवाना कोणाचा, जकात कोणाच्या पदरात आणि पळवाट कुठून, एवढे विचारावे.