दातांची जडणघडण आणि ‘ईडीएआर’ जनुक

मानवी दातांची घडण गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. भावी हिरडीच्या जागी पेशींचा वरचा थर जाड होतो, आत दबतो आणि कळीचा आकार घेतो. ही कळी व तिच्याभोवतालच्या पेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवीत असतात. ते संदेश पेशींच्या आवरणावरील ‘ग्राही’ प्रथिने स्वीकारतात. ग्राही कसे घडवायचे, याची माहिती जनुकांत असते. ‘एफजीएफआर-२’ या वृद्धिघटक-ग्राहीच्या जनुकाचे एक रूप उंदरांतून वगळले असता त्यांच्या दातांची वाढ कळीच्या अवस्थेतच थांबल्याचे २००० मध्ये आढळले.

माणसात अशाच संदेशव्यवस्थेतील दोन जनुके महत्त्वाची ठरली. ‘ईडीए’ हे एक्स गुणसूत्रावरील जनुक संदेशवाहक प्रथिन घडविते. ते १९९६ मध्ये ओळखले गेले. त्या प्रथिनाचा ग्राही घडविणारे ‘ईडीएआर’ जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९९ मध्ये लागला. यांपैकी कशातही दोष असला, तरी लक्षणे सारखीच दिसतात: अनेक दात मुळातच नसतात, असलेले सुळ्यासारखे टोकदार असतात, केस विरळ असतात आणि घाम फारच कमी येतो. या विकाराला ‘हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया’ म्हणतात.

त्याची एक जुनी नोंद तत्कालीन मुंबई इलाख्यातील आहे. इलाख्याचा भाग असलेल्या सिंधमधील एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना मोजकेच दात होते. त्यांना उन्हाळा असह्य होई. मुलींत दोष दिसत नसे. पण त्यांच्यामार्फत तो नातवांकडे जाई. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये ही माहिती ग्रंथबद्ध केली. वारशाची ही रीत एक्स गुणसूत्रावरील दोषाशी जुळते. ‘ईडीएआर’चा दोष मात्र मुलगा वा मुलगी कोणालाही होऊ शकतो. त्याच्या काही प्रकारांत आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. मामेबहिणीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत ही शक्यता वाढते.

वरचे दात आधी आले की मामाला जड, अशी समजूत घरोघरी असते. दात मुळीच न येण्याकडे मात्र ‘उशिरा येतील’ म्हणून दुर्लक्ष होते. खरा धोका घाम न येण्याचा आहे. मालेगाव परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्म्यात या विकाराच्या बालकाला तीव्र ताप येऊन जिवावर बेतू शकते. दीड वर्षापर्यंत एकही दात न आल्यास बालदंततज्ज्ञांना दाखवावे. नाशिकसह राज्यातील दंत महाविद्यालयांत अशी तपासणी होते.

जर्मनीत गर्भजलात ‘ईडीए’ प्रथिन सोडून उपचार केलेल्या मुलांना घाम येऊ लागल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ग्राहीच सदोष असेल, तर बाहेरून पुरविलेला संदेश निरुपयोगी ठरतो. म्हणूनच दोष नेमक्या कोणत्या जनुकात आहे, हे कळणे कुटुंबाच्या पुढील निर्णयांसाठी आवश्यक असते. तोवर शरीर थंड राखणे आणि लहानपणापासून कवळी बसविणे, हेच मुलाच्या आरोग्याचे व बोलण्या-जेवण्याचे आधार आहेत.