खोक्यातली वाइन

पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला तोटी आणि आत तीन-चार लिटर वाइन ही रचना मुळात वाइनसाठी झालीच नव्हती. 1950च्या दशकाच्या मध्यावर विल्यम शोल या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने ती बॅटरीत घालायच्या गंधकाम्लाची ने-आण करण्यासाठी काढली. तोवर हे आम्ल काचेच्या मोठ्या बुधल्यांतून जात असे. बुधला जड, आणि फुटला तर जिवावर बेतणारा. पिशवी हलकी, न फुटणारी, आणि पुठ्ठ्याच्या आधाराने एकावर एक रचता येणारी. लवकरच तिच्यातून दूधही जाऊ लागले. वाइनचा नंबर दहा वर्षांनी लागला, आणि तोही अमेरिकेत नव्हे, ऑस्ट्रेलियात.

वाइन बिघडते ती हवेने. बाटली उघडली, अर्धी प्याली आणि बूच लावून ठेवली, तरी आत शिरलेला ऑक्सिजन काम करतच राहतो. आधी फळाचा वास जातो, मग रंग उतरतो, आणि पुढे जिवाणू मद्यार्काचे शिरका करून टाकतात. महागडी बाटली चौघांत बसून एका बैठकीत संपते, त्यामुळे तिला ही अडचण फारशी जाणवत नाही. जाणवते ती स्वस्त वाइनला, कारण ती स्वस्त पडते ती मोठ्या मापात घेतल्यावर. 1950-60च्या ऑस्ट्रेलियात रोजच्या वाइनसाठी अर्ध्या गॅलनचा, म्हणजे सव्वादोन लिटरहून थोडा जास्त माल मावणारा काचेचा फ्लॅगन मिळत असे. रोज पेला-दोन पेले घेणाऱ्या घरात त्याचा तळ गाठेपर्यंत आतली वाइन आंबलेली असायची. मोठे माप घेऊन वाचवलेले पैसे असे ओतून द्यावे लागत.

या अडचणीवर दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी नदीकाठच्या रेनमार्क गावी थॉमस अँगोव्ह यांनी उपाय शोधला. घराण्याचा वाइनचा धंदा त्यांचे आजोबा डॉ. विल्यम अँगोव्ह यांनी 1886 मध्ये ॲडलेडजवळ सुरू केला होता. जुन्या काळी भूमध्य समुद्राकाठचे लोक वाइन कातड्याच्या पखालीतून नेत. पखालीतून जेवढे ओतावे तेवढी ती चिपते आणि रिकाम्या जागी हवा शिरत नाही. हेच तत्त्व वापरून अँगोव्ह यांनी पॉलिथिनची एक गॅलनची, साधारण साडेचार लिटरची पिशवी खोक्यात बसवली आणि 20 एप्रिल 1965 रोजी तिचे पेटंट घेतले. वडिलांनी हा नमुना घरी आणला तेव्हा असली वाइन कुणी विकत घेणार नाही असे आपण म्हणालो होतो, अशी आठवण त्यांचे चिरंजीव पुढे सांगत.

मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. या पहिल्या पिशवीला तोटीच नव्हती. पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, हवी तेवढी वाइन ओतून घ्यायची आणि कापलेल्या कोपऱ्याला चिमटा लावायचा. भरलेली पिशवी हातात लोळते, चिमटा नीट बसत नाही, आणि साधे पॉलिथिन ऑक्सिजनला पुरते अडवतही नाही. कल्पना चांगली होती, पण वस्तू गैरसोयीची.

ही गैरसोय जीलाँगच्या चार्ल्स मालपास यांनी दूर केली. 1967 मध्ये त्यांनी आणि पेनफोल्ड्स या कंपनीने धातूचा थर दिलेल्या पिशवीला हवाबंद प्लॅस्टिक तोटी जोडण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. वाइन बाहेर येताना उघडणारी आणि हवा आत येण्याआधी मिटणारी ही तोटी नसती, तर खोक्यातली वाइन एक गमतीदार प्रयोग म्हणूनच उरली असती. शोधाचे श्रेय एकट्या अँगोव्ह यांना देण्याची पद्धत आहे, पण आज दुकानात दिसणाऱ्या खोक्यात मालपास यांचा वाटा निदान तेवढाच आहे. पेनफोल्ड्सने सुरुवातीला ही पिशवी रंगाच्या डब्यासारख्या गोल पत्र्याच्या डब्यातही घालून पाहिली. गिऱ्हाइकाच्या पसंतीला अखेर पुठ्ठाच उतरला. 1970च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड विन यांनी रचनेत सुधारणा करून आपला ‘वाइनकास्क’ बाजारात आणला. फ्लॅगन घरोघरी पोचवण्यातही याच विन यांचा मोठा हात होता, म्हणजे आपलाच जुना माल त्यांनी मोडीत काढला. त्यांच्यापाठोपाठ ऑर्लँडो कंपनीचा ‘कूलाबा’ आला. मेट्रिक मापे आल्यावर 4 लिटरचे खोके रूढ झाले.

ऑस्ट्रेलियाचा प्याला या खोक्याने बदलला. तिथला बहुतांश समाज बिअर पिणारा, आणि वाइन म्हटले की मद्यार्क वाढवलेली गोड शेरी किंवा पोर्ट. 1960च्या सुमारास माणशी वर्षाला जेमतेम 5 लिटर वाइन खपत होती. 1980च्या दशकाच्या मध्यावर हा आकडा 20 लिटरच्या वर गेला, आणि त्या काळी देशात विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक वाइन खोक्यातून जात होती. दक्षिण युरोपातून आलेले स्थलांतरित, घरोघरी आलेले फ्रीज, बागेतल्या बार्बेक्यूचा रिवाज अशी इतरही कारणे यामागे होती. पण फ्रीजच्या फळीवर ठेवून हवा तेव्हा पेलाभर काढून घ्यावी, ही सोय बाटलीत नव्हती.

आता प्रश्न खोक्यात काय भरले जात होते याचा. मरी नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या द्राक्षांत मोठा वाटा सुलताना आणि गॉर्डो या जातींचा होता. सुलताना म्हणजेच थॉमसन सीडलेस. सांगली-तासगावचा बेदाणा होतो तो याच जातीचा आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांचा. हे द्राक्ष खायला गोड, वाळवायला उत्तम, पण वाइनला त्याच्यात ना वास ना धार. बेदाण्याचा भाव पडला की शेतकरी हाच माल वाइनवाल्यांच्या दारात आणून ओतत. एकरी उत्पादन भरघोस आणि भाव कमी, त्यामुळे खोक्यात याच वाइनचे प्रमाण वाढत गेले. किंचित गोडी ठेवली की तिचा फिकेपणा झाकला जाई. वर नाव मात्र ‘मोझेल’, ‘शाब्ली’ किंवा ‘क्लॅरेट’. युरोपातल्या या नावांशी त्या द्राक्षांचा काडीचा संबंध नव्हता. ही नावे टप्प्याटप्प्याने सोडून देण्याचे ऑस्ट्रेलियाने युरोपीय संघाशी झालेल्या 1994च्या करारात मान्य केले.

1980च्या दशकात द्राक्षे इतकी उदंड झाली की दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. त्यात बरोसा खोऱ्यातल्या शिराझच्या कित्येक जुन्या वेली गेल्या. तशाच जुन्या वेलींची वाइन पुढे जगभर मोलाने विकली जाऊ लागली, हा हिशेब तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

खोक्यातली वाइन हलकी राहण्यामागे द्राक्षांइतकाच हात करपद्धतीचा होता. ऑस्ट्रेलियात वाइनवरचा कर किमतीवर बसतो. 1 जुलै 2000 पासून तो घाऊक किमतीच्या 29 टक्के आहे. समजा, 4 लिटरच्या खोक्याची घाऊक किंमत 8 डॉलर आहे, तर कर होतो 2 डॉलर 32 सेंट. त्याच किमतीच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीवरही तेवढाच कर, आणि खोक्यात वाइन मात्र पाचपटीहून जास्त. मद्यार्काच्या हिशेबाने पाहता सर्वांत कमी कर सर्वांत हलक्या मालावर. अशा बाजारात खोक्यात बरी वाइन भरून भाव थोडा वाढवला की लगेच करही वाढतो. उत्पादकाला मग माल अधिकाधिक स्वस्त करण्यातच फायदा दिसतो.

या स्वस्ताईची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. नॉर्दर्न टेरिटरी या विरळ वस्तीच्या प्रदेशात खोक्यातली वाइन हे व्यसनाचे सर्वांत स्वस्त साधन ठरले. तिथल्या सरकारने 1995 मध्ये तिच्यावर जादा आकार बसवला. राज्यांना असे आकार लावता येणार नाहीत, असा निकाल 1997 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिल्यावर तो आकार गेला. 2018 मध्ये तिथे 10 ग्रॅम मद्यार्कामागे किमान 1 डॉलर 30 सेंट दर ठरवण्यात आला, आणि 4 लिटरचे खोके एकदम चाळीस डॉलरच्या आसपास जाऊन पोचले. दक्षिण आफ्रिकेत तर खोक्याचा खर्चही वाचवण्यासाठी नुसती चंदेरी पिशवीच विकत. ‘पापसाक’ नावाची ही पिशवी केप प्रांतातल्या शेतमजुरांच्या वस्त्यांत हाहाकार माजवू लागल्यावर 2007 मध्ये तिच्यावर बंदी आली. मजुरीचा भाग म्हणून वाइन देण्याची जुनी प्रथा त्या मळ्यांतलीच. पिशवीने त्या व्यसनाला नवे भांडे दिले, एवढेच.

तीच पिशवी आणि तीच तोटी युरोपच्या उत्तरेला गेली तेव्हा मात्र वेगळे घडले. स्वीडनमध्ये मद्याची किरकोळ विक्री सिस्टेमबोलागेट या सरकारी मक्तेदारीकडे आहे. नफा वाढवणे हे तिचे उद्दिष्ट नाही, ती सवलतीचे सेल लावत नाही, आणि कुठली वाइन दुकानात ठेवायची हे ती निविदा मागवून, नमुने चाखून ठरवते. शिवाय तिथला कर किमतीवर नसून लिटरवर आहे. हलक्या वाइनवरही तो तेवढाच बसत असल्याने अगदी तळाचा माल फारसा स्वस्त पडतच नाही, आणि थोडे जास्त पैसे दिले तर त्यांतला मोठा भाग वाइनच्या दर्जात जातो. अशा दुकानात 3 लिटरचे खोके बाटलीच्या शेजारी मानाने उभे राहिले. आज स्वीडनमध्ये विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी मापाने निम्म्याहून अधिक वाइन खोक्यातली असते. शेजारच्या नॉर्वेतही चित्र बरेचसे असेच आहे. स्वस्त खोक्यात चांगली वाइन असू शकते हे सिद्ध झाले ते या थंड, द्राक्षे फारशी न पिकणाऱ्या देशांत.

फ्रान्समध्ये वाट आणखी निराळी. तिथे गावच्या सहकारी वाइनरीत प्लॅस्टिकचा कॅन घेऊन जायचे आणि पेट्रोल पंपासारख्या नळीने तो भरून आणायचा, हा जुना रिवाज. कॅनला ‘क्युबी’ म्हणत. त्यात हवा शिरे, म्हणून घरी येताच वाइन बाटल्यांत भरून बुचे लावावी लागत. तोटीच्या खोक्याने हे काम वाचवले. लँगडॉक, ऱ्होन नदीचे खोरे, प्रोव्हान्स इथल्या सहकारी संस्थांनी आपली नेहमीचीच वाइन खोक्यात भरली, वेगळी हलकी वाइन काढली नाही. नाव, प्रदेश, दर्जाची मोहोर बाटलीवर असते तीच खोक्यावर. आज फ्रान्सच्या सुपरमार्केटांत मापाने सुमारे 40 टक्के वाइन खोक्यात विकली जाते. सगळ्या प्रदेशांनी मात्र दार उघडलेले नाही. आल्सासची वाइन 1972च्या कायद्याने त्याच प्रदेशात बाटलीत भरावी लागते. इटलीने 2008 मध्ये ‘डीओसी’ श्रेणीच्या काही वाइनना खोक्याची मुभा दिली, वरच्या ‘डीओसीजी’ श्रेणीला दिली नाही.

अमेरिकेत खोके बराच काळ फ्रँझिया या ब्रँडच्या 5 लिटरी पेटीपुरते आणि त्यामुळे थट्टेपुरते राहिले. मग 2000 नंतर कॅलिफोर्नियात द्राक्षे अती झाली आणि चांगली वाइनही घाऊक बाजारात मातीमोल मिळू लागली. काहींनी ती बाटलीतच भरून दोन डॉलरला विकली. रायन स्प्राउल यांनी ‘ब्लॅक बॉक्स’ काढून 3 लिटरच्या खोक्यावर द्राक्षाची जात, प्रदेश आणि सालही छापले. ‘बोटा बॉक्स’ही त्याच सुमारास, 2003 मध्ये आला. खोक्यावर साल छापणे ही किरकोळ गोष्ट नव्हती, कारण साल छापले की दरवर्षी तीच चव मिसळून आणण्याची पळवाट बंद होते.

खोक्यात पैसे वाचतात ते कुठे, हे वजनावरून कळते. 3 लिटर वाइनला चार बाटल्या लागतात. एक बाटली साधारण अर्धा किलोची, म्हणजे नुसती काच दोन किलो. वर चार बुचे, चार लेबले. पिशवी आणि पुठ्ठा मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. वाहतुकीचा खर्चही त्यामुळे उतरतो. हेच तत्त्व मोठे करून वीस फुटी कंटेनरमध्ये 24,000 लिटरची एकच पिशवी पसरतात, तिला फ्लेक्सिटँक म्हणतात. ऑस्ट्रेलियाची बरीच वाइन आता अशीच समुद्रमार्गे जाते आणि विकली जाते त्या देशात बाटलीत किंवा खोक्यात भरली जाते.

पिशवीची मर्यादाही तिच्या घडणीतच आहे. धातूचा थर असो की ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा, हवा थोडी थोडी झिरपतेच, आणि तोटीच्या सांध्यातून तर नक्की. म्हणून भरताना गंधकाचा अंश जरा जास्त ठेवतात. न उघडलेले खोके थंड जागी सहा महिने ते वर्षभर टिकते, उन्हाळी गोदामात त्याहून कितीतरी कमी. उघडल्यावर वाइन चार ते सहा आठवडे चांगली राहते. वर्षानुवर्षे मुरवायची वाइन यात भरून उपयोग नाही. तरुणपणीच प्यायच्या वाइन, म्हणजे गुलाबी, ताज्या पांढऱ्या आणि ग्रनाश किंवा सान्सोसारख्या द्राक्षांच्या हलक्या तांबड्या, यात उत्तम राहतात. त्यामुळे कमी पैशांत चांगले खोके निवडणारा जाणकार ब्रँडच्या नावाआधी भरण्याची तारीख पाहतो. मग प्रदेश, जात आणि साल छापलेले आहे का, हे. यांपैकी काहीच नसेल आणि वर नुसते ‘रेड’ किंवा ‘क्रिस्प व्हाइट’ लिहिलेले असेल, तर आतला माल कुठून आला हे उत्पादकाला सांगायचे नाही, असे तो समजतो. 4-5 लिटरच्या खोक्यापेक्षा 3 किंवा 2 लिटरचे तो पसंत करतो, कारण लहान माप लवकर संपते आणि चांगला माल भरणारे उत्पादकही बहुधा त्याच मापात भरतात. शेवटी तोटीखाली ओल नाही ना हे बोटाने पाहतो. पिशवी गळत असेल तर वाइन बाहेर येते तिथूनच हवाही आत जाते.