यंत्र जुने, मोटार नवी

दिवाळीच्या फराळासोबत लेथ मशीनची हकीकत वाढली म्हणून वाचकांनी रागावू नये. घरातल्या शिवणयंत्राचा दांडा, सायकलीचा आस, विहिरीवरच्या पंपाचा गाभा ही सारी मंडळी कधी ना कधी लेथवर फिरून गोल झालेली असतात. असे एखादे साठ-सत्तर वर्षांचे यंत्र गल्लीतल्या कारखान्यात इमानाने चालत असते. एके दिवशी मोटारीतून जळका वास येतो, आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: हिला दुरुस्त करावी, की बदलावी? कित्येकदा तेवढ्या कारणावरून सबंध यंत्रच भंगारात जाते. हा मोठा अन्याय आहे. कारण मोटार ही या यंत्राच्या घरातली भाडेकरू; मूळची मालकीण नव्हे.

लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारे आपले प्रसिद्ध लेथयंत्र बनविले, तेव्हा विजेच्या मोटारीचा जन्मही झाला नव्हता. आपल्याकडचा कातारी दोरीने लाकूड फिरवी, युरोपातला कारागीर पायटा दाबी. पुढे वाफेचे इंजिन आले. शाळेत आम्ही मुलांना वाफेच्या शक्तीचा धडा मोठ्या थाटात शिकवितो, पण ती शक्ती कामगाराच्या हातापर्यंत कशी पोहोचे, ते कोणी सांगत नाही. कारखान्याच्या आढ्याखालून एक लांबच लांब लोखंडी दांडा जाई. इंजिन त्याला फिरवी, आणि त्याच्यावरून खाली प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे उतरत. आढ्याखाली नुसते पट्ट्यांचे रान! एखाद्याचे धोतर किंवा सदऱ्याची बाही त्यात सापडली, तर इंजिन काही त्याच्यासाठी थांबत नसे. एकट्यादुकट्या कारागिराला असले इंजिन परवडणार तरी कसे?

निकोला टेस्ला याला १८८८ साली अमेरिकेत प्रत्यावर्ती विजेच्या मोटारीची पेटंटे मिळाली. दुसऱ्याच वर्षी डोलिवो-डोब्रोव्होल्स्की याने तीन फेजांची साधी, दणकट मोटार सिद्ध केली. तरी कारखानदार मोठे सावध. पुष्कळांनी आधी इंजिन काढून त्याच्या जागी एक मोठी मोटार बसविली आणि जुना दांडा व पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आणि प्रत्येक कामगाराच्या हाताशी स्वतःचे बटण, हे मागाहून आले. माझ्या मते खरी क्रांती या बटणाची!

आपल्याकडे लोणावळ्याच्या तलावांतले पाणी सह्याद्रीखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने लेथ बनविले. तो कारखाना पुढे बंद पडला. बंगलोरला १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. एका खोलीत एक लेथ टाकून संसार थाटणारा मेकॅनिक गावोगाव दिसू लागला, तो घरोघर आलेल्या या विजेच्या जोरावर.

आता त्या जळलेल्या मोटारीकडे वळू. रिवाइंडिंगवाला तिला उघडतो, जळक्या गुंडाळ्या कापून काढतो, वेढे मोजतो, तारेची जाडी मापतो आणि वहीत टिपून ठेवतो. मग खाचांत कागद घालून नवी तांब्याची तार भरतो, वॉर्निशात बुडवितो, भट्टीत वाळवितो. लोखंडी गाभा शाबूत असेल तर मोटार पुन्हा पुष्कळ वर्षे चालते, आणि मी तरी आधी त्याच्याकडेच जाईन. पण गाभाच करपला असेल, किंवा बुश झिजून फिरता भाग स्थिर भागावर घासला असेल, तर हट्टात अर्थ नाही.

नवी आणताना मात्र नुसती अश्वशक्ती पाहून चालत नाही. नवी मोटार तेवढ्याच शक्तीची असून आकाराने लहान असते. पायांची भोके जुळत नाहीत, दांड्याची जाडी वेगळी. अमेरिकन यंत्राची मूळ मोटार तिकडच्या ६० सायकलच्या विजेची, मिनिटाला सुमारे १,७२५ फेरे घेणारी. आपल्या ५० सायकलवर तशीच नवी मोटार १,४४० च्या आसपास फिरते. मग पुली त्या हिशेबाने मोठी घ्यावी लागते, नाहीतर यंत्र सुस्त चालते.

फिरण्याच्या दिशेची गोष्ट तर विसरूच नये. जुन्या यंत्रांत चक बहुधा आट्यांवर बसविलेला असतो. मोटार उलट फिरली तर तो आपोआप सुटू लागतो, आणि तो जड लोखंडी गोळा पायावर आला म्हणजे काय होते ते सांगावयास नको. म्हणून जाणता मिस्त्री आधी पट्टा न चढवता मोटार क्षणभर चालवून पाहतो. तीन फेजांची असून उलट फिरली, तर मेन स्विच बंद करून तीनांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करतो, आणि मगच पट्टा चढवतो.